साध्या घरगुती फ्रीजमध्ये ईथर, पेंटेन ठेवलेलं चालतं का? लॅबमध्ये वाद पेटलाय

आरबी_फ्लास्क (प्रश्न)

नमस्कार मंडळी, जरा मोठा प्रश्न आहे, वाचून उत्तर द्या.

आमची ऑरगॅनिक सिंथेसिसची लॅब आहे. कोपऱ्यात एक साधा घरगुती डबल डोअरवाला फ्रॉस्ट फ्री फ्रीज आहे, आणि तो अक्षरशः भरून वाहतोय. ईथरच्या अर्धवट वापरलेल्या बाटल्या, पेंटेन, कॉलमची फ्रॅक्शन्स (कॉलममधून वेगळी करून घेतलेली द्रावणं) फॉइल लावलेल्या आरबीमध्ये (गोल बुडाच्या फ्लास्कमध्ये), टीएचएफ या सॉल्व्हंटमधला बोरेन, हेक्झेनमधलं ब्यूटिल लिथियम, आणि मागच्या रांगेत कुणाचं काय आहे हे आता कुणालाच माहीत नाही कारण लेबलं पुसली गेलीत. सेफ्टीचं बघायला नवीन मॅडम आल्यात, त्यांनी फ्रीज उघडला, बघितला, बंद केला आणि म्हणाल्या हे सगळं बाहेर काढा. आमचे सीनियर म्हणतात अहो ४ डिग्रीला वाफ होतच नाही तर पेटणार काय, उलट उन्हाळ्यात ईथर बाहेर ठेवणं जास्त धोक्याचं, ३४-३५ डिग्रीला तर ते उकळतं.

मला दोघांचंही पटतंय हाच प्रॉब्लेम आहे. तर प्रश्न असे की थंडीत धोका खरंच कमी होतो का, नुसता आतला बल्ब काढून टाकला तर काम भागेल का, आणि नवीन घ्यायचाच तर कुठला घ्यायचा, कारण एका सप्लायरने 'फ्लॅमेबल स्टोरेज'वाला आणि 'एक्स्प्लोजन प्रूफ' असे दोन सांगितलेत आणि दोघांच्या किमतीत भरपूर फरक आहे. आणि नवा येईपर्यंत मधल्या काळात काय करायचं तेही सांगा.

---

वाफ_जड_असते

तुमच्या सीनियरांचं म्हणणं ऐकायला बरोबर वाटतं पण आकडे बघितले की उलटं निघतं.

फ्लॅश पॉइंट म्हणजे ज्या तापमानाला द्रवाच्या वरच्या हवेत पेट घेण्याइतकी वाफ जमते ते तापमान. ईथरचा −४५, पेंटेनचा −४९, हेक्झेनचा −२२, ॲसिटोनचा −२० च्या आसपास, टीएचएफचा −१४, इथाइल ॲसिटेटचा −४. तुमचा फ्रीज +४ ला आहे. म्हणजे यातला एकही पदार्थ फ्रीजमध्ये ठेवून फ्लॅश पॉइंटच्या खाली जात नाही, आणि −२० च्या फ्रीझरमध्ये टाकलं तरी ईथर, पेंटेन आणि हेक्झेन वरच राहतात. थंडीने वाफ कमी होते हे खरं, पण 'कमी' आणि 'पेटण्यापेक्षा कमी' यात फरक आहे ना.

आता ईथरची गंमत बघा. हवेत १.९ टक्क्यांपासून ३६ टक्क्यांपर्यंत ईथरची वाफ असेल तर ती पेटते. २० डिग्रीला बंद जागेत ईथरची वाफ जमेल तेवढी जमली तर ती जाते ५८ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे वरच्या मर्यादेच्याही पलीकडे, तिथे हवाच कमी पडते. ४ डिग्रीला तीच वाफ येते साधारण २९ टक्क्यांवर. म्हणजे फ्रीजने तिला बरोब्बर पेटण्याच्या पट्ट्यात आणून बसवलं! −२० ला ९ टक्क्यांच्या जवळपास, तरीही पट्ट्यातच. (याचा अर्थ बाहेर सांडलेलं ईथर सुरक्षित असा कुणी काढू नका, बाहेर ते पसरताना या पट्ट्यातून जातंच.)

आणि दुसरी गोष्ट, उघड्या लॅबमध्ये ईथर सांडलं तर निदान हूड वाफ ओढून घेतं, खिडक्या आहेत, वास येतो, माणसं सावध होतात. फ्रीज म्हणजे रबरी गॅस्केट लावून घट्ट बंद केलेली पेटी, तिला व्हेंटिलेशन नाही, रात्रभर कुणी उघडत नाही आणि आत वीज आहे. ईथरची वाफ हवेच्या अडीचपट जड असते, ती खाली बसते आणि वाट बघते.

---

जुनं_खोड

आम्ही पिढ्यान्‌पिढ्या ईथर साध्या फ्रीजमध्ये ठेवत आलोय, काही झालं नाही. हल्ली सगळ्याचाच बाऊ करतात. झाकण नीट लावा म्हणजे झालं. आणि एक सांगा, हल्लीच्या घरगुती फ्रीजमध्ये गॅस कुठला असतो? आर६००ए, म्हणजे आयसोब्युटेन, तोच मुळात ज्वलनशील! मग कंपनीने आतले पार्ट ठिणगी न उडणारे केलेच असणार की नाही, नाहीतर घरोघरी स्फोट झाले असते. उगाच महागडा फ्रीज घ्यायला लावू नका पोरांना.

---

वाफ_जड_असते

काका, आयसोब्युटेनचा मुद्दा खरंच चांगला काढलात, टाळण्यासारखा नाही. पण त्या फ्रीजमध्ये गॅस असतो थोडा, साधारण शंभर ग्रॅमच्या आत, तोही पाइपात सीलबंद, आणि कंपनीने चाचणी केलेली असते ती त्या ठरावीक गॅसच्या गळतीसाठी. तुमची लिटरभर ईथरची बाटली आडवी होईल याची चाचणी कुणी केलेली नसते. शिवाय त्याच फ्रीजच्या मॅन्युअलमध्ये स्पष्ट छापलेलं असतं की ज्वलनशील गॅस भरलेले स्प्रे कॅन वगैरे स्फोटक वस्तू यात ठेवू नका. म्हणजे बनवणाराच नाही म्हणतोय. आणि लॅबमधले बरेचसे फ्रीज तर त्याच्या आधीच्या काळातले असतात, त्यात थर्मोस्टॅट उघडाच.

झाकणाचं म्हणाल तर हिशोब करून बघू. २५० लिटरचा रिकामा फ्रीज धरा. १.९ टक्के म्हणजे पावणेपाच लिटर वाफ. ४ डिग्रीला एक मोल गॅस साधारण २२.७ लिटर जागा घेतो, म्हणजे लागलं ०.२१ मोल, ईथरचा मोल ७४ ग्रॅमचा, म्हणजे झाले साडेपंधरा ग्रॅम, द्रवात मोजलं तर २० ते २२ मिली. एवढंच! पूर्ण फ्रीज पेटण्याजोगा करायला २० मिली ईथर पुरतं, आणि वाफ जड असल्यामुळे तळाशी ती पातळी त्याच्या कितीतरी आधी येते. फॉइल लावलेल्या एका आरबीमध्ये यापेक्षा जास्त असतं. पेटवायला ऊर्जा किती लागते तर ०.२ मिलिज्यूलच्या आसपास, स्विचची बारीकशी ठिणगीसुद्धा त्याहून मोठी असते.

इतकी वर्षं काही झालं नाही म्हणता, त्याचं कारण एवढंच की गळती आणि ठिणगी अजून एका वेळी जुळली नाहीये. थर्मोस्टॅट दिवसातून कितीतरी वेळा टक्‌ टक्‌ करतो, तो जुळवायचा प्रयत्न रोजच करतोय.

---

मीटर_बघ

मी केमिस्ट नाही, इन्स्ट्रुमेंटेशनवाला आहे, लॅबची उपकरणं बघतो. बल्ब काढण्याबद्दल विचारलंय म्हणून लिहितो.

बल्ब काढला तर एक गोष्ट गेली. पण दाराचा स्विच राहिला, आणि तो कधी चालतो, तर दार उघडताना, म्हणजे नेमकं तेव्हा जेव्हा तुमचं तोंड फ्रीजसमोर असतं. बल्बऐवजी एलईडी आहे म्हणून बरेच जण निश्चिंत असतात, अहो स्विच तोच आहे ना. मग थर्मोस्टॅट. मग फ्रॉस्ट फ्री असेल तर आत हवा फिरवणारा पंखा, त्याची मोटर, आणि बर्फ वितळवायला डीफ्रॉस्ट हीटर, तो ठरावीक वेळाने आपोआप तापतो, तुम्हाला कळतही नाही. ईथर १६० ते १८० डिग्रीच्या पृष्ठभागावर ठिणगीशिवाय आपलं आपण पेटतं आणि कार्बन डायसल्फाइड तर ९० डिग्रीलाच, त्यामुळे हीटर हा वेगळा धोका आहे, तो ठिणगीच्या हिशोबात धरत नाहीत लोक.

आता ज्याच्याकडे कुणाचंच लक्ष जात नाही ती गोष्ट. फ्रीजच्या आत मागच्या बाजूला खाली एक छोटं भोक असतं, बर्फ वितळून झालेलं पाणी त्यातून नळीने मागे कॉम्प्रेसरच्या वरच्या ट्रेमध्ये जातं. पाणी जातं तिथून वाफही जाते. जड वाफ, तळाला भोक, आणि भोकाच्या टोकाला कॉम्प्रेसरचा रिले आणि ओव्हरलोड, दोघेही चालू-बंद होताना ठिणगी देणारे. त्यामुळे आतलं सगळं तुम्ही काढून बाहेर आणलंत तरी वाफ त्याच्या मागोमाग बाहेर जाते. भोक बुजवलं तर पाणी आत साचतं. फ्रॉस्ट फ्री फ्रीजला तर हात लावूच नका, तो बदलून सुरक्षित होत नाही, त्याची आखणीच तशी नाही. पूर्वी साध्या फ्रीजचा थर्मोस्टॅट बाहेर काढून लॅबमध्ये वापरायची पद्धत होती खरी, पण आता तयार फ्रीज मिळतात तेव्हा तो उद्योग कुणी करू नये, आणि केलात तर त्याची जबाबदारी कुणाची हा प्रश्न उद्या विमावाला पहिल्यांदा विचारेल.

कुठला घ्यायचा, तर ढोबळ मानाने तीन प्रकार.

साधा, ज्यात बफर, एन्झाइम, पाण्यातली द्रावणं ठेवा.

फ्लॅमेबल स्टोरेजवाला. आत ठिणगी देणारं काहीही नाही, थर्मोस्टॅट आणि सगळे कंट्रोल बाहेर, बऱ्याच मॉडेलमध्ये कॉम्प्रेसर वरती चढवलेला म्हणजे खाली बसणारी वाफ त्याच्यापर्यंत जात नाही, दाराशी उंचवटा असतो म्हणजे सांडलेलं बाहेर ओघळत नाही, दार मॅग्नेटिक गॅस्केटचं, आपोआप बंद होणारं आणि आतून धक्का बसला तर सहज उघडणारं. आत काही पेटलंच तर नुकसान कमी व्हावं असं आतलं अस्तर. बर्फ बहुतेकांत हाताने काढावा लागतो.

एक्स्प्लोजन प्रूफ. यात आतबाहेर दोन्हीकडची वीज बंदिस्त असते, म्हणजे ज्या खोलीतल्या हवेतच वाफ असण्याची शक्यता आहे तिथे ठेवण्यासाठी. सॉल्व्हंट ओतण्या-भरण्याची खोली वगैरे. याला प्लग नसतो, थेट पाइपातून वायरिंग करावं लागतं. तुम्ही तो साध्या लॅबमध्ये आणून एक्स्टेंशन बोर्डला लावणार असाल तर पैसे पाण्यात. नाव ऐकून लोकांना वाटतं आत स्फोट झाला तरी फ्रीज टिकेल, तसं काही नसतं.

नेहमीच्या सिंथेसिस लॅबला, जिथे हूड आहे, खोलीत वाफ साचत नाही, तिथे दुसरा प्रकार पुरतो. अमेरिकेतलं एनएफपीए ४५ हे लॅबसाठीचं मानक आहे, त्यातही हाच फरक केलाय. युरोपातल्या उपकरणावर षटकोनात ईएक्स असं चिन्ह असतं, पण नुसतं चिन्ह बघून भुलू नका, प्लेटवर वाचा की ते रेटिंग आतल्या भागाचं आहे की बाहेरचंही, बरेचदा फक्त आतलं असतं. सप्लायरला तोंडी विचारू नका, ते 'लॅब ग्रेड', 'स्पार्क फ्री', 'एक्स्प्लोजन प्रूफ' सगळं एकाच दमात बोलतात. सर्टिफिकेट मागा, त्यावर मॉडेल नंबर जुळतो का बघा. लॅब ग्रेड फ्रीज म्हणजे नुसता तापमान नीट राखणारा फ्रीजही असू शकतो, त्याचा ज्वलनशीलशी काही संबंध नाही.

---

पेलेट_हरवला

बायोलॉजीवाल्यांचा प्रश्न मधेच घुसवते, सॉरी. आम्ही डीएनए प्रेसिपिटेशनसाठी (डीएनए द्रावणातून खाली बसवायला) इथेनॉल साध्या −२० फ्रीझरमध्ये ठेवतो, सगळेच ठेवतात. ते पण चुकीचं का? आणि −८० मध्ये तर काहीच पेटणार नाही ना? आणि कोल्ड रूम? तिथे आमच्याकडे मिथेनॉलचा डिस्टेनिंगचा (जेलचा जास्तीचा रंग धुवायचा) ट्रे हलवत असतो रात्रभर.

---

वाफ_जड_असते

ताई, इथेनॉलची केस खरंच वेगळी आहे, सरसकट घाबरवत नाही. इथेनॉलचा फ्लॅश पॉइंट १३, ७० टक्केवाल्याचा १६-१७. ४ डिग्रीला बंद जागेत त्याची वाफ जास्तीत जास्त २ टक्क्यांच्या आसपास आणि पेटायला लागते ३.३. म्हणजे फ्रीज थंड आहे तोवर खाली. −२० ला तर खूपच खाली. पण हा 'आहे तोवर' महत्त्वाचा, लाइट गेली आणि शनिवार-रविवारी फ्रीझर खोलीच्या तापमानाला आला, ट्यूबचं झाकण अर्धवट होतं, आणि सोमवारी लाइट येऊन थर्मोस्टॅट चालू झाला की हिशोब बदलला. म्हणून बऱ्याच संस्थांचा नियम सरळ असतो, ज्वलनशील म्हणजे रेटेड (ज्वलनशील पदार्थांसाठी प्रमाणित) फ्रीज, मग इथेनॉल असो की ईथर. माझं वैयक्तिक मत विचाराल तर घट्ट झाकणाच्या दीड मिलीच्या ट्यूबांची मला फारशी चिंता नाही, अर्धा लिटरच्या बाटलीची आहे. तेवढं थंड इथेनॉल लागणार असेल तर थोडंसं घेऊन वापरायच्या आधी बर्फात गार करा, बाटली सॉल्व्हंट कॅबिनेटमध्ये राहू दे. तुमच्या संस्थेचा नियम यापेक्षा कडक असेल तर अर्थातच तो चालेल, माझं मत नाही.

−८० ला ईथरसुद्धा फ्लॅश पॉइंटच्या बराच खाली जातो हे बरोबर. पण तो फ्रीझर त्यासाठी बनवलेला नाही आणि बंद पडला की तोही गरम होतो, बाकी मुद्दा तोच.

कोल्ड रूममधला मिथेनॉलचा ट्रे मात्र आजच काढा, खरंच सांगतोय. कोल्ड रूममध्ये बाहेरची हवा जवळजवळ येतच नाही, आतलीच हवा पंखा फिरवतो, शेकर साधा, पंखा साधा, बोर्ड साधा. ४ डिग्रीला मिथेनॉल पेटण्याइतकं होत नसलं तरी माणूस आत काम करतो आणि मिथेनॉल विषारी आहे. ड्राय आइस आणि लिक्विड नायट्रोजन पण तिथे ठेवू नका, ते पेटत नाहीत, श्वास बंद करतात.

---

लेबल_लावा

सगळे फ्रीज कुठला यावर बोलतायत, मी जरा आधीचा प्रश्न विचारते, या बाटल्या फ्रीजमध्ये आहेतच कशाला? लॅबमधल्या फ्रीजमधल्या ज्वलनशील वस्तूंपैकी बऱ्याचशा तिथे फक्त 'थंड म्हणजे चांगलं' या सवयीने गेलेल्या असतात. एसडीएस (त्या रसायनाचं सेफ्टी डेटा शीट) काढा, सातव्या भागात साठवण कशी करायची ते असतं आणि नवव्यात फ्लॅश पॉइंट. पेंटेन, हेक्झेन, इथाइल ॲसिटेट, ॲसिटोन यांना थंडीची गरज नाही, ते सॉल्व्हंट कॅबिनेटमध्ये. ईथरलाही खरं तर नाही, उन्हापासून आणि उष्णतेपासून लांब, थंडशा जागी, घट्ट झाकणात पुरतं. आणि ईथर फ्रीजमध्ये ठेवलं की त्यात पेरॉक्साइड (हवेमुळे होणारे स्फोटक पदार्थ) होत नाही असा एक समज आहे तो काढून टाका, थंडीत ते होतच राहतं, आणि उलट काही पेरॉक्साइडं थंडीत विरघळलेली न राहता बाहेर पडू शकतात, ती जास्त नाजूक. म्हणून बाटली आल्याची तारीख, उघडल्याची तारीख आणि टेस्ट स्ट्रिपने तपासल्याची तारीख तिन्ही बाटलीवर हव्यात. डायआयसोप्रोपिल ईथर असेल तर त्याला उघडल्यावर तीन महिन्यांपलीकडे ठेवूच नये. झाकणाभोवती पांढरे कण, तळाशी स्फटिक, किंवा तारीख नसलेली जुनी बाटली दिसली तर तिला हात लावू नका, झाकण फिरवून बघायचा मोह तर अजिबात नको, ज्यांचं काम आहे त्यांना बोलवा.

ज्यांना खरंच थंड लागतं अशी यादी छोटी निघते. बोरेन टीएचएफ, हे ०-५ डिग्रीलाच ठेवायचं, बाहेर ठेवलं तर बाटलीत दाब वाढून ती फुटू शकते. ॲसिटाल्डिहाइड, ते २० डिग्रीला उकळतं. ब्यूटिल लिथियम, सोबत ट्रायमिथाइलसिलिलडायझोमिथेन वगैरे. ही सगळी रेटेड फ्रीजमध्ये, पर्याय नाही. ग्रिन्यार (मॅग्नेशियमची रीएजंट) मात्र बरीचशी थंडीत खाली बसतात, त्यांचं लेबल वाचून ठरवा. आणि उलटं उदाहरण, ॲक्रिलिक ॲसिड फ्रीजमध्ये ठेवू नका, ते १३ डिग्रीलाच गोठतं, गोठताना त्यातला इनहिबिटर (पॉलिमर होऊ न देणारा पदार्थ) एका बाजूला जातो आणि वितळवताना इनहिबिटर नसलेला भाग पॉलिमराइझ व्हायला मोकळा.

कॉलमची फ्रॅक्शन्स हा तर निव्वळ आळस आहे (रागावू नका). रोटाव्हॅपवर (सॉल्व्हंट उडवून टाकणाऱ्या यंत्रावर) सुकवा, व्हायलमध्ये भरा, मग ठेवा. सॉल्व्हंट नाही तर वाफ नाही. ठेवायचंच असेल तर स्क्रू कॅपच्या व्हायलमध्ये, फॉइल म्हणजे झाकण नव्हे, आणि काचेचं बूच थंडीत आकसून सैल होतं किंवा घट्ट चिकटून बसतं, दोन्ही वाईट. आरबी उभी राहावी म्हणून कॉर्क रिंगवर ठेवतात, दार जोरात उघडलं की गडगडत जाते, हे सगळ्यांनी पाहिलंय.

रेटेड फ्रीज घेतला तरी त्यात बाटल्या ट्रेमध्ये ठेवा, सर्वात मोठ्या बाटलीतलं सगळं मावेल एवढा ट्रे. ऑक्सिडायझर आणि आम्लं ऑरगॅनिकच्या शेजारी नकोत, फ्रीज लहान आहे ही सबब चालत नाही. लेबल पुसली जातात कारण दमट हवेत मार्करची शाई टिकत नाही, पेन्सिलने लिहून वर पारदर्शक टेप लावा किंवा क्रायो लेबल वापरा. दारावर यादी, कुणाचं काय, कधीपासून. ज्याचा मालक सापडत नाही ते वेस्टमध्ये. आणि खायच्या वस्तू कुठल्याही लॅब फ्रीजमध्ये नाहीत, हे सांगायला लागतं याचंच वाईट वाटतं.

---

आरबी_फ्लास्क

बाप रे, एवढं सगळं येईल वाटलं नव्हतं, सगळ्यांचे आभार. २० मिलीचा हिशोब सीनियरांना दाखवला, त्यांनी स्वतः कॅल्क्युलेटर घेऊन परत केला आणि मग गप्प बसले, फक्त एवढंच म्हणाले की हे आधी कुणी का सांगितलं नाही. मॅडमनी फ्लॅमेबल स्टोरेजवाल्याची रिक्वेस्ट टाकलीय.

आता बाटल्या बाहेर काढायच्या आहेत. सरळ दार उघडून काढायच्या, की आधी प्लग काढायचा? काल एकाने आत थोडा वास येतो असं सांगितलं म्हणून घाबरायला झालंय.

---

मीटर_बघ

वास येतो म्हणालात म्हणून आधी हे. दार उघडू नका आणि प्लगही ओढू नका, चालू फ्रीजचा प्लग ओढताना ठिणगी पडते आणि ती जमिनीजवळ पडते. खोलीबाहेरच्या डिस्ट्रिब्युशन बोर्डवरून त्या सर्किटचा एमसीबी खाली करा. हूड चालू असतील तर चालूच राहू देत, पण खोलीतलं बाकी कुठलंही बटण दाबू नका, पेटलेला बर्नर किंवा हॉट प्लेट आधीच बंद असली पाहिजे हे सांगायला नको. मग मॅडमना कळवा, आणि वास उग्र असेल तर सगळे बाहेर, हे तुम्ही एकट्याने करायचं काम नाही.

वीज बंद झाल्यावर दार उघडलं तर स्विच निर्जीव असतो, आत काही सुरू होत नाही. उघडून लगेच आत वाकू नका, जड वाफ खाली सांडते आणि जमिनीवरून पसरते, तिला हूड ओढून घेईपर्यंत वेळ द्या. वीज बंद आहे म्हणजे फ्रीज हळूहळू गरम होणार, त्यामुळे बोरेनची बाटली जाणार कुठे हे आधी ठरवा, शेजारच्या कुठल्या लॅबमध्ये रेटेड फ्रीज असेल तर त्यांना आत्ताच विचारा.

---

लेबल_लावा

आणि काढताना पुढच्या रांगेपासून सुरू करा, मागचं पुढे ओढायला गेलात की पुढचं पडतं. जे ओळखता येत नाही ते उघडून वास घेऊन ओळखू नका, 'अनोळखी' असं लेबल लावून वेगळ्या ट्रेमध्ये. ईथरच्या बाटल्यांची तारीख आधी बघा, मगच उचला. दोघंजण असा, एक काढेल, एक लिहील, गॉगल आणि ग्लोव्हज घालून. हूडमध्ये सगळं मांडून मग एकेक ठरवा, कॅबिनेट, रेटेड फ्रीज की वेस्ट.

रिकामा झाला की जुना फ्रीज टाकून देऊ नका लगेच, बफरला चालेल. फक्त आधी दार उघडं ठेवून चांगला हवेशीर होऊ द्या, गॅस्केटला आणि प्लास्टिकला सॉल्व्हंटचा वास धरून राहतो, तो गेल्याशिवाय प्लग लावू नका. मग दारावर मोठ्या अक्षरात स्टिकर, 'ज्वलनशील पदार्थ ठेवू नयेत'. नव्यावरही स्टिकर लावा, 'फक्त ज्वलनशील', नाहीतर महिन्याभरात त्यात अगारच्या प्लेटी भरलेल्या दिसतील.

---

जुनं_खोड

आमच्याही फ्रीजच्या मागचं ते पाण्याचं भोक बघून आलो. आहे. कॉम्प्रेसरच्या बरोब्बर वर. ईथर कॅबिनेटमध्ये हलवलंय, नवीन फ्रीजचं बघतो. ते सर्टिफिकेट कुठल्या नावाने मागायचं ते जरा परत लिहा कुणीतरी.

---

मीटर_बघ

काका, असं लिहा, 'ज्वलनशील पदार्थ साठवणीसाठी प्रमाणित रेफ्रिजरेटर, आतल्या भागात ठिणगीचा कुठलाही स्रोत नसलेला, मॉडेल नंबरसह तिसऱ्या संस्थेचं चाचणी प्रमाणपत्र जोडावं'. उत्तरात नुसतं ब्रोशर आलं तर परत पाठवा. आणि डीफ्रॉस्ट हाताने करायचा आहे की आपोआप, हे लेखी विचारा. 'आपोआप' असं उत्तर आलं तर हीटर कुठे बसवलाय याचं ड्रॉइंग मागा.